सात नंबरच्या गाण्याची गोष्ट

दुपारी एक वाजता गिरणी बंद झाली की आमच्या घरात माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. सकाळी आठ ते एक आणि तीन ते दिवेलागण आमचा संसार खाणाखुणांवर आणि आरडाओरड्यावर चालायचा. बाबा त्या भाताच्या गिरणीचे व्यवस्थापक होते, म्हणजे मालक मुंबईला आणि कटकटी पनवेलला. राहायला मालकानं गिरणीच्या पाठीमागच्या तीन खोल्या दिल्या होत्या. भिंत एकच. पलीकडे इंजिन सुरू झालं की अलीकडे मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रोज बोटभर पुढे सरकायचा. आई त्याला संध्याकाळी मागे ढकलायची. कोंडा तर अन्नात, अंथरुणात, केसांत सगळीकडे. आमच्याकडे कुजबुज नावाचा प्रकारच नव्हता. घरातली गुपितंसुद्धा ओरडून सांगायची सवय, त्यामुळे ती गुपितं राहायची नाहीत. जेवायला कायम तांदळाच्या कण्या, कारण गिरणीतल्या माणसाला अख्खा तांदूळ विकायला असतो. कण्यांची पेज, कण्यांचा उपमा, सणावाराला कण्यांचीच खीर, आणि वालाचं बिरडं केलं की त्याच्याबरोबर कण्यांचाच भात. सासरी पहिल्या दिवशी ताटात अख्ख्या तांदळाचा भात बघून मला परक्या घरात आल्यासारखं वाटलं होतं.

ती एक ते तीनची वेळ दादाची होती. बाबा जेवून पोत्यांवर आडवे व्हायचे, आई मागच्या ओट्यावर भांडी घासायची आणि खाडीपलीकडच्या गावातून सायकल हाणत काशिनाथ यायचा. काशिनाथ दादाचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरच्यांची मिठागरं होती. काळाभोर, दात पांढरेशुभ्र, पायांना मिठानं पडलेल्या भेगा. येताना रिकाम्या हाताने यायचा नाही. कधी कोळंबी, कधी चिंबोऱ्या, कधी चिखलात हात घालून पकडलेले निवटे. आई नाक मुरडायची आणि मग तिखटमीठ लावायला घ्यायची. त्याचा एक काका बोटीवर खलाशी होता. त्यानं कुठल्या तरी बंदरातून एक टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेटी आणून दिल्या होत्या. त्यांच्या घरात ते यंत्र वाजवायची सोय नव्हती, कारण त्याचा बाप म्हणायचा, घरात कुणी मेल्यासारखं काय वरडतंय. म्हणून टेप मुक्कामाला आमच्याकडेच असायचा, भाताच्या पोत्यांमागे, गोणपाटात गुंडाळून. सेल संपत आले की काशिनाथ ते पत्र्यावर उन्हात ठेवायचा. तापलेल्या सेलवर अजून तीन-चार गाणी निघायची, तेवढी आम्ही श्वास रोखून ऐकायचो.

कॅसेटींना वेष्टण नव्हतं, नाव नव्हतं, गाव नव्हतं. कोण गातंय, कुठल्या देशात गातंय, काही पत्ता नाही. पोत्यांवर नंबर घालायचा लाल रंग काशिनाथनं घेतला आणि कॅसेटींवर आकडे टाकले, मग आवडत्या गाण्यांनाही आकडेच चिकटले. तीन नंबरचं गाणं ढोलानंच सुरू व्हायचं, बराच वेळ नुसताच ढोल, आणि मग एकदम बाकीचे सगळे अंगावर यायचे. हे हुबेहूब आमच्या इंजिनासारखं, म्हणून ते गिरणीचं गाणं. पाच नंबरला एक बाई गायची. तिचा आवाज दिवसभर बाजारात मासळी विकून बसल्यासारखा. अशी घसा फाटलेली बाई कुणी गायला कशी बसवतं, असं मला आधी वाटायचं आणि नंतर तिच्याशिवाय करमेना. मला तेव्हा तेरावं चाललं होतं. इंग्रजी म्हणजे शाळेतली कविता आणि धड्याखालचे प्रश्न. त्या गाण्यांतला एक शब्द मला समजत नव्हता आणि तरीही गिटार वर चढत जायची तेव्हा मी हातातलं काम टाकून टेपजवळ सरकायची. नातीला मी हे सांगते तेव्हा ती म्हणते, आजी, त्याला क्लासिक रॉक म्हणतात. म्हणत असतील. आमच्यासाठी ती दुपारची गाणी होती.

आणि दादाचा एक नियम होता. गोष्टीशिवाय गाणं नाही. प्रत्येक गाणं कुणी का केलं, कुठे केलं, ते करताना काय झालं, हे आधी सांगायचं, ऐकणाऱ्यानं गप्प बसून ऐकायचं आणि मगच बटण दाबायचं. एखादं गाणं शंभरदा ऐकलेलं असलं तरी गोष्ट शंभरदा. बाजारातल्या रद्दीवाल्याकडे इंग्रजी मासिकं येतात, त्यात हे सगळं छापून येतं, असं तो सांगायचा. पाच नंबरच्या बाईचं घरमालकाशी तीन दिवस भांडण चाललं होतं आणि चौथ्या दिवशी ती तडक जाऊन गायली, म्हणून घसा तसा. दोन नंबरच्या गिटारवाल्याकडे तार नव्हती, त्यानं सायकलच्या ब्रेकची तार काढून लावली. हे ऐकून काशिनाथनं स्वतःच्या सायकलची तार काढून तुपाच्या डब्याला बांधली होती. आवाज काही निघाला नाही, पण घरी जाताना तो उतारावर थांबू शकला नाही आणि थेट गाढी नदीच्या काठच्या चिखलात गेला. दादा गोष्ट सांगायचा तेव्हा काशिनाथ मध्ये मध्ये भर घालायचा. मला त्या गोष्टी पोथीसारख्या पाठ होत्या. शाळेत मैत्रिणींना मी त्या सांगायची, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता.

गेल्या वर्षी नातीनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून त्यातली बरीचशी गाणी शोधून दिली. मी गुणगुणायचं, तिनं हसायचं आणि शोधायचं. नावं कळली, माणसं कळली, खऱ्या गोष्टीही कळल्या. दादाच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्याच्या पोटातल्या निघाल्या. बाईचं कुणाशी भांडण नव्हतं, तिला सर्दी झाली होती. मला राग यायला हवा होता, आला नाही. सर्दीपेक्षा भांडणच त्या गाण्याला शोभतं, असं माझं आजही मत आहे.

सात नंबरचं गाणं मात्र वेगळं होतं. दुसऱ्या कॅसेटच्या एका बाजूचं ते शेवटचं. सुरुवातीला पेटीसारखं काहीतरी अगदी हळू, मग एकटी गिटार, मग कितीतरी वेळानं माणूस गायला लागायचा, तोही स्वतःशी बोलल्यासारखा. गाणं वाढत वाढत जायचं आणि शेवटी सगळी वाद्यं थांबली की तो माणूस लांबून हाक मारायचा. शब्द नसलेली, नुसती लांबलचक हाक. तीनदा. आणि मग कोरी टेप फिरत राहायची. त्या गाण्याची गोष्ट काशिनाथनं केली होती. दिवसभर गाऊन गाऊन त्यांना चहा हवा होता आणि चहावाला येत नव्हता, म्हणून तो गाणारा खिडकीतून चहावाल्याला हाका मारतोय. हाका आल्या की काशिनाथ उभा राहून, तोंडाभोवती हात धरून, गाणाऱ्याबरोबर ओरडायचा. तीनही वेळा. बाबा दचकून पोत्यावरून उठायचे. आई ओट्यावरून म्हणायची, "काशिनाथ, चहा ठेवलाय रे बाबा, ओरडू नकोस." नातीनं शोधलं तेव्हा कळलं की गाणाऱ्यानं काचेपलीकडे बसून गाणं टेप करणाऱ्या माणसाला, आता पुरे, यंत्र बंद कर, म्हणून हाका मारल्या होत्या आणि त्या तशाच राहू दिल्या. म्हणजे सगळ्यांत खऱ्याच्या जवळ काशिनाथच होता.

काशिनाथ गेला तो त्याच्या बहिणीच्या हळदीच्या चार दिवस आधी. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला बांधात लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे पाण्याला भयंकर ओढ असते. मिठागरातली पोरं ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर शिकतात. तरी तो ओहोटीला तिथेच बुडाला, उघाडीच्या फळ्यांत पाय अडकून. संध्याकाळी मिठाच्या राशी झाकायला गेलेल्या बायांना तो दिसला. बांधावर त्याचा सदरा दगडाखाली घडी घालून ठेवलेला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. सगळे धरून चालले की एकटाच पोहायला उतरला. त्याच्या गावात म्हणू लागले की त्या उघाडीवर जखीण आहे, तिनं ओढला. आम्हाला निरोप आला तेव्हा दादा चुलीपाशी बसला होता. बाबांनी विचारलं, "आज आला होता का रे तो इकडे?" दादा म्हणाला, "नाही. मी दुपारभर गोदामात झोपलो होतो. आज भेटलाच नाही." टेप पोत्यांमागे जागच्या जागी होता, त्यामुळे आणखी काही विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काशिनाथच्या आईला आम्ही सोनाबाय म्हणायचो. उंच, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर दोन-दोन पाट्या घेऊन चालणारी बाई. ती रडली नाही असं लोक सांगत. ती फक्त येईल-जाईल त्याला विचारायची, "एकटाच व्हता का? कोनच नव्हता का त्याच्यासंगती?" लोकांना वाटे तिला धीर द्यावा, म्हणून ते म्हणत, नाही हो, एकटाच होता, कुणाचा दोष नाही. पोराचा जीव गेला त्यापेक्षा तो एकट्याचा गेला, हे तिला जास्त लागलं होतं. एका जिवाच्या शेवटच्या घटकेला जवळ एकही माणूस असू नये, हे तिला पटत नव्हतं. मला हे आता कळतं. तेव्हा तिची ती एकच चौकशी ऐकून मला तिची भीती वाटायची आणि ती रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायची.

दादानं टेपला हात लावायचं सोडलं. एक ते तीन तो गोदामाच्या दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचा. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका आमच्या दारातून दिसतो, त्याच्याकडे बघतोय असं वाटावं, पण बघत काहीच नसायचा. जेवण निम्म्यावर आलं. आईनं दृष्ट काढली, बाबांनी वैद्य केला. असे सात-आठ महिने गेले. आणि मग एका दुपारी त्यानं आपणहून गोणपाट सोडलं, मला हाक मारली आणि म्हणाला, "कुंदे, बस. सात नंबर लावतो. पण त्याची गोष्ट आपल्याला चुकीची माहीत होती. खरी मला आता मिळाली."

ती नवी गोष्ट त्यानं अगदी हळू सांगितली. गाणाऱ्याचा एक मित्र होता, ढोल वाजवणारा. त्यांच्या गावाबाहेर पाण्याचं एक मोठं दार होतं. एका दुपारी दोघं तिथे गेले. मित्राच्या अंगात नवाकोरा सदरा होता, त्याच दिवशी शिंप्याकडून आलेला, इतका नवा की कॉलरला शिंप्याचा कच्चा दोरा तसाच होता. गाणाऱ्यानं तो दोरा दातानं तोडून काढला आणि म्हणाला, आता झालास नवरदेव. मित्रानं सदरा काढून दगडाखाली ठेवला आणि पाण्यात उतरला. गाणारा काठावर सावलीत आडवा झाला, रेडिओ मोठा करून. मित्र हाका मारत होता, त्या रेडिओच्या आवाजात गेल्या. "म्हणून," दादा म्हणाला, "त्यानं हे गाणं केलं. शेवटी ज्या हाका आहेत ना, त्या तो मित्राच्या मारतोय. मित्राच्या वतीनं." मग त्यानं बटण दाबलं. हाका आल्या तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं. गोष्ट किती सुंदर आहे असं वाटलं आणि दादा परत आला असं वाटलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला याहून जास्त काय दिसणार?

त्यानंतर महिनाभरानं सोनाबाय गिरणीत आली. भाताचं पोतं भरडायला टाकलं होतं, ते घ्यायला. पोतं तयार नव्हतं आणि गिरणी बंद व्हायची वेळ झाली. तीनपर्यंत थांबावं लागणार होतं. आई शेजारी गेली होती, बाबा झोपले होते, दादा इंजिनाच्या पट्ट्यासाठी चामड्याचा तुकडा आणायला बाजारात गेलेला. मी तिला पाणी दिलं. ती उंबऱ्यात बसली आणि पदरानं मान पुसत म्हणाली, "तुमच्याकडं त्याचा बाजा हाय ना गो?"

मी म्हटलं, "आहे. आणून देऊ?"

"नको. न्यायाला नाय आयले. वाजव जरा. माजा पोर काय आयकत व्हता ता मना एकदा तरी आयकू दे. घरात लावला की त्याचा बाप वरडायचा, आनि मी बी वरडायची."

मी पोत्यांमागून टेप काढला. मला अभिमान वाटत होता. त्याला सगळ्यांत आवडायचं ते गाणं लावावं, म्हणजे सात नंबर. आणि गोष्टीशिवाय गाणं लावायचं नाही, हा नियम. दादा घरात नाही म्हणून नियम मोडायचा, हे माझ्या मनातही आलं नाही. उलट वाटलं, एवढी सुंदर गोष्ट, हिच्या मुलासारखीच, हिला ती आवडेल. हिला वाटेल की जगात आणखी कुणाच्या तरी वाट्याला हे आलंय. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि शाळेत सांगायची तशी, एक शब्द इकडचा तिकडे न होऊ देता, पहिल्यापासून सांगायला लागले. पाण्याचं दार. दुपार. नवाकोरा सदरा. कच्चा दोरा.

दोऱ्यापाशी तिनं पदर खाली सोडला. मी थांबले. ती म्हणाली, "सांग. मंग?" मी पुढे सांगितलं, दोरा दातानं तोडला, नवरदेव म्हणाला, सदरा दगडाखाली. शेवटापर्यंत सांगितलं. मग बटण दाबलं. ती ते अख्खं गाणं हललीसुद्धा नाही. पेटी, गिटार, तो माणूस, सगळं तिनं खाली मान घालून ऐकलं. हाका आल्या तेव्हा तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. कोरी टेप फिरायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "ही कानी तुला कोनी सांगितली?"

"दादानं."

"सदरा मी त्याच दिवशी आनलेला शिंप्याकडशी. हळदीचा व्हता. म्हनाला, आताच घालतो. मी म्हनले, थांब, दोरा हाय कॉलरला, काढते. नाय थांबला, पळाला." ती माझ्याशी बोलत नव्हती, समोरच्या कोंड्याच्या ढिगाकडे बघत होती. "बांधावर सदरा गावला तवा दोरा नव्हता. मी किती दीस इचार केला, दोरा कुठं गेला."

मला तेव्हा समजलं. सगळं नाही, पण एवढं समजलं की मी काहीतरी भयंकर केलंय आणि ते आता परत घेता येणार नाही. मी टेप बंद करायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. तशीच आम्ही बसून राहिलो, आणि दादा आला.

त्याच्या हातात चामड्याची पट्टी होती. त्यानं टेप बघितला, सोनाबायला बघितलं, माझं तोंड बघितलं. पळून जाईल असं मला वाटलं. तो दाराच्या चौकटीला टेकला.

सोनाबायनं वर न बघता विचारलं, "हाक मारली का रे त्यानी?"

दादा म्हणाला, "मारली."

"कितीदा?"

"तीनदा."

"आयकलीस?"

"ऐकली, मावशी." दादा आता रडत होता, पण शब्द स्पष्ट होते, जणू रोज म्हणून ठेवले होते. "टेप वाजत होता. हेच गाणं होतं, शेवटच होता. मी डोळे मिटून पडलो होतो. तो गायचा ना नेहमी, शेवटी. मला वाटलं गातोय. मीपण ओरडलो त्याच्याबरोबर. तीनही वेळा. मग टेप संपला आणि... मग आवाजच नव्हता. मी धावलो. फळीत होता पाय. मला नाही ओढता आला. मग मी टेप घेऊन घरी आलो. मी घरी आलो, मावशी."

गिरणीत उंदीर कुठेतरी पोतं कुरतडत होते, तो आवाज मला आजही ऐकू येतो. सोनाबायनं माझं मनगट सोडलं. ती म्हणाली, "एकटा नव्हता म्हंजे." मग म्हणाली, "घरात बी गायचा तसाच. मी असते तिथं तरी मना तसाच वाटला असता." ती उठली, लुगडं झटकलं. दादाजवळून जाताना थांबली. मला वाटलं, मारेल. तिनं त्याच्या केसांतला कोंडा बोटांनी झाडला, जसा आई येता-जाता झाडायची. "बाजा नेते आता," ती म्हणाली. "आनि ती कॅसेट." ते दोन्ही तिनं पदरात बांधलं आणि पोतं न घेताच गेली. पोतं संध्याकाळी बाबांनी हातगाडीवरून पाठवून दिलं. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. सोनाबायनंही आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण आता त्या गावाच्या जागी भराव आहे आणि जाब विचारायला तिथलं कुणी उरलेलं नाही.

लोकांना वाटतं की सांगून टाकलं की माणूस सुटतो. दादा सुटला नाही. तळोज्याला कारखान्यात नोकरी लागली, काम चोख करायचा, पण लग्नाच्या वरातीत बँड लागला की घरी परतायचा. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायचा, चेष्टा करायचा, पण गोष्ट म्हणून त्यानं पुन्हा एकही सांगितली नाही. मी त्याला कधी विचारलं नाही की ती गोष्ट तू मला का सांगितलीस, इतकी बारीकसारीक, दोऱ्यासकट. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या पनवेलला माहीत होतं, मग त्याला माहीत नव्हतं? कधी वाटतं, तो नुसता हलका व्हायला बघत होता. कधी वाटतं, ती माझ्या तोंडून खाडीपलीकडे जावी म्हणूनच त्यानं ती माझ्याकडे दिली. तसं असेल तर मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. तो नवीन पनवेलला राहतो, माझ्या खांदा कॉलनीतल्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. कानाला यंत्र लावतो आणि दुपारी ते काढून ठेवतो. मी जाते, आम्ही चहा पितो. विचारत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा दादाचं आणि माझं वय पुरतं वाढलेलं होतं. आई म्हणाली, सोनाबायला पत्रिका हातानं द्यायची, भावाबहिणीनं मिळून. दादा त्या वाटेनं इतकी वर्षं गेला नव्हता. नको म्हणेल असं वाटलं, पण त्यानं सायकल काढली. मी मागे बसले. दुपारचीच वेळ होती, बांधावर चिटपाखरू नव्हतं, मिठाच्या राशी गवतानं झाकलेल्या. उघाडी आली तेव्हा तो सायकलवरून उतरला आणि तिच्या पलीकडे जाईपर्यंत चालत गेला. मीही उतरले. पाण्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

सोनाबायच्या घराजवळ पोचलो तेव्हा आतून गाणं येत होतं. सात नंबर. टेप इतका घासला गेला होता की गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटत होतं. दार उघडं होतं. ती पाठमोरी बसून सुकट निवडत होती, सुपात बोटं भराभर फिरत होती. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. आम्ही अंगणातच थांबलो. शेजारची एक बाई म्हणाली, "रोज लावते ती. म्हातारीला येड लागलाय, विंग्रजी आयकते." वाद्यं थांबली. पहिली हाक आली. सोनाबाय सुकट निवडता निवडता, मान वर न करता, पोराला नेहमी द्यावा तसा ओ देत म्हणाली, "आले रे."

दुसरी हाक आली. "आले, आले," ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवायला वळली. तेव्हा तिनं आम्हाला पाहिलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

तिसरी हाक आली. माझ्या मागून दादा म्हणाला, "आलो." मोठ्यानं नाही, घरातल्या घरात म्हणतात तसं. मग त्यानं चपला काढल्या, वाकून आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. गाणं संपलं होतं, कोरी टेप नुसती फिरत होती, आणि दोघांपैकी कुणीही ती बंद करायला उठलं नाही.